देवदासी पुनर्वसन (पन्हाळा व कोल्हापूर परिसर)

यल्लम्मा, खंडोबा अशा दैवतांना मुली सोडण्याची प्रथा मोडणे आणि तिच्या आडून देहविक्रयात ओढल्या गेलेल्या स्त्रियांना पुन्हा उभे करणे, असे हे दुहेरी काम आहे. पन्हाळा ज्या कोल्हापूर संस्थानात होता, तेथे शाहू महाराजांनी १९२० मध्येच जोगतिणी (यल्लम्माला सोडलेल्या) व मुरळ्या (खंडोबाला सोडलेल्या) यांची प्रथा कायद्याने बंद केली. मुंबई प्रांताचा कायदा १९३४ चा. त्याने देवदासीचा विवाह वैध ठरवला. तरीही महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील सोडलेल्या मुली दलालांमार्फत मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांत पोचत राहिल्या.

१९७५ मध्ये समाजकार्यकर्ते बाबा आढाव व सहकाऱ्यांनी गडहिंग्लजला देवदासी परिषद भरवली आणि प्रश्न दयेचा न राहता हक्काचा झाला. महाराष्ट्राचा देवदासी प्रथाविरोधी कायदा २००५ चा आहे. त्यात सोडण्याचा विधी घडवणाऱ्यांना शिक्षा आहे आणि पुनर्वसनाचीही तरतूद आहे.

सुटका एका दिवसात होते, पुढची वाट मात्र लांब असते. डोक्यात जट झाली की देवीचे बोलावणे आले असे घरचे मानतात. ती कापायला बाई तयार झाली तरी कात्री लागताना घरावर कोप होईल या भीतीने तिचे हात थरथरतात. म्हणून कार्यकर्ते आधी कित्येकदा घरी जाऊन बसतात. देवीला सोडल्याची खूण असलेले गळ्यातले तांबडे-पांढरे मणी उतरवल्यावर जोगव्याचे, म्हणजे देवीच्या नावाने मागितलेल्या भिक्षेचे, उत्पन्न बुडते. त्यामुळे अनुदान, रेशनकार्ड, घर आणि हाताला काम हे सगळे एकदमच मिळायला हवे. मुलांच्या शाळाप्रवेशात वडिलांच्या नावाचा रकाना आईला सर्वांत जास्त बोचतो.