प्रवरेचा साखर कारखाना : आधी भाग, मग कर्ज

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना सरकारने काढून दिला, असा समज अजूनही आढळतो. क्रम नेमका उलटा होता.

प्रवरा कालव्याचे पाणी आले, तसा अहमदनगर जिल्ह्यात ऊस वाढला. पण त्याचा गूळ करून बाजाराच्या लहरीवर विकण्यापलीकडे लहान बागाईतदाराच्या हाती फारसे काही नव्हते. साखर कारखाने खासगी कंपन्यांचे. (ऊस पिकवायला त्यांनी जमिनी घेतल्या त्याही शेतकऱ्यांच्याच, खंडाने!)

लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ मध्येच गावात सहकारी पतपेढी काढली होती. तेथे कमावलेला विश्वास आता कामी आला. गावोगाव हिंडून त्यांनी भागभांडवल जमवले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी उभे राहिले. शेतकऱ्यांचा पैसा आधी उभा होता, म्हणूनच सरकारी भागभांडवल आणि औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज हक्काने मागता आले. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले.

पुढे हीच घडण राज्याच्या सहकारी धोरणाचा साचा ठरली. सभासदत्व मात्र ऊस पिकवणाऱ्याला. तो तोडणारा मजूर या एकजुटीच्या बाहेरच राहिला.