परदेशात जाताना रोख परकीय चलन स्वस्तात कसं घ्यायचं? समजून घ्या ‘झिरो कमिशन’मागचं गणित

तिकीट निघतं, व्हिसा येतो, बॅगा भरून होतात आणि निघायच्या दोन दिवस आधी घरात कुणाला तरी आठवतं, ‘अरे, डॉलर घेतले का?’ मग घाईघाईत जवळच्या मनी चेंजरकडून किंवा थेट विमानतळावरच्या काउंटरवरून नोटा घेतल्या जातात. तिकिटात पाचशे रुपये वाचावेत म्हणून आठवडाभर ॲप चाळणारं कुटुंब इथे दोन-अडीच हजार रुपये सहज जास्त देतं. बहुतेक वेळा ते लक्षातही येत नाही, कारण पावतीवर ‘कमिशन : शून्य’ असं लिहिलेलं असतं.

रोख परकीय चलन स्वस्तात मिळवायचं तर कमिशनकडे नाही, दराकडे बघायला हवं. आणि शेवटी हातातून एकूण किती रुपये जाणार, हे आधी विचारायला हवं.

गूगलवरचा दर काउंटरवर का मिळत नाही?

गूगलवर दिसतो तो मोठमोठ्या बँका आपसात व्यवहार करतात त्या बाजारातला मधला दर. त्या दरात सामान्य ग्राहकाला नोटा मिळत नाहीत. प्रत्येक बँक आणि मनी चेंजर दोन दर लावतो. तुम्हाला चलन विकताना चढा, तुमच्याकडून परत घेताना उतरता. या दोन दरांमधल्या फरकात त्याची कमाई असते.

त्यातही कागदी नोटांचा दर सर्वात महाग असतो. बँकेतून परदेशी खात्यात पैसे पाठवायचे तर फक्त नोंदी होतात. नोटा मात्र कुठून तरी आणाव्या लागतात, तिजोरीत ठेवाव्या लागतात, त्यांचा विमा काढावा लागतो, खऱ्या-खोट्या तपासाव्या लागतात. पडून राहिल्या तर त्यावर व्याजही मिळत नाही. हा सगळा खर्च दरात मिसळलेला असतो. स्टेट बँकेसारख्या बँका रोजचं दरपत्रक जाहीर करतात. त्यात पैसे पाठवण्याचा, ट्रॅव्हल कार्डचा आणि नोटांचा दर वेगवेगळ्या रकान्यांत असतो. तो एकदा पाहिला की फरक लगेच कळतो.

डॉलर, युरो, पौंड, दिरहम यांची उलाढाल मोठी आहे, म्हणून त्यांच्या खरेदी-विक्रीच्या दरांत अंतर कमी असतं. क्वचित विकल्या जाणाऱ्या चलनांत हे अंतर वाढत जातं.

‘झिरो कमिशन’ असूनही महाग कसं?

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त गणित समजण्यासाठी आहेत. समजा, बाजारात डॉलरचा दर ९० रुपये आहे आणि एका कुटुंबाला १,००० डॉलर हवे आहेत.

• पहिला मनी चेंजर : कमिशन शून्य, दर ९३.५० रुपये. डॉलरचे ९३,५०० आणि जीएसटी सुमारे १६८ रुपये. एकूण ९३,६६८ रुपये.

• दुसरा मनी चेंजर : कमिशन २०० रुपये, दर ९०.९० रुपये. डॉलरचे ९०,९००, कमिशन आणि त्यावरचा जीएसटी मिळून २३६, चलन बदलण्यावरचा जीएसटी सुमारे १६४ रुपये. एकूण ९१,३०० रुपये.

कमिशन घेणारा दुकानदार जवळपास २,३७० रुपयांनी स्वस्त पडला. म्हणूनच दोन ठिकाणची तुलना करताना ‘कमिशन किती?’ असं न विचारता ‘१,००० डॉलरसाठी सगळं धरून किती रुपये द्यावे लागतील?’ असं विचारावं. उत्तर व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लेखी मागावं.

जीएसटी किती लागतो?

जीएसटी १८ टक्के आहे, पण तो पूर्ण रकमेवर लागत नाही. नियमाने ठरवलेल्या छोट्या मूल्यावर लागतो.

• १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात हे मूल्य रकमेच्या १ टक्का, किमान २५० रुपये. म्हणजे कर किमान ४५ आणि जास्तीत जास्त १८० रुपये.

• १ लाख ते १० लाखांपर्यंत : १,००० रुपये अधिक १ लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का.

• १० लाखांच्या वर : ५,५०० रुपये अधिक १० लाखांवरच्या रकमेच्या ०.१ टक्का, कमाल ६०,००० रुपये.

म्हणजे ५० हजारांचं चलन घेतलं तर हा कर ९० रुपये होतो. कुणी ‘१८ टक्के टॅक्स आहे, बिलाशिवाय घ्या’ असं सांगत असेल तर ती दिशाभूल आहे.

चलन घ्यायचं कुठून?

परकीय चलन विकण्याचा अधिकार फक्त रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकांना आणि मनी चेंजरना आहे. त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मिळते.

बँक : व्यवहार चोख, पण प्रत्येक शाखेत नोटा नसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी तर चार-पाच दिवस आधी मागणी नोंदवावी लागू शकते. दर कधी चांगला असतो, कधी नसतो. आपलं खातं आहे म्हणून स्वस्त मिळेल असं धरून चालू नये.

परवानाधारक मनी चेंजर : मुंबई-पुण्यासारख्या शहरांत स्पर्धा असते, त्यामुळे इथे घासाघीस चालते. रक्कम मोठी असेल तर दर थोडा खाली येतो. एकाच घरातल्या चौघांनी वेगवेगळं घेण्याऐवजी एकत्र दर ठरवावा. कागदपत्रं मात्र प्रत्येकाची स्वतंत्र लागतात.

ऑनलाइन : अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर दर पाहून मागणी नोंदवता येते. नोटा घरपोच येतात किंवा शाखेतून घ्याव्या लागतात. दर किती वेळ कायम राहणार आणि घरपोच सेवेचं शुल्क किती, हे आधी पाहावं.

विमानतळ : सर्वात महाग पर्याय. जागेचं भाडं मोठं असतं आणि समोरच्या ग्राहकाला दुसरीकडे जायला वेळ नसतो. काहीच जमलं नाही तर पोहोचल्यावर टॅक्सी आणि जेवण भागेल इतकंच इथून घ्यावं.

कोणत्या देशासाठी कोणतं चलन?

युरोप, ब्रिटन, अमेरिका किंवा आखातात जायचं असेल तर त्या देशाचं चलन इथूनच घेणं सहसा फायद्याचं. पौंड हवे असताना आधी डॉलर घेऊन लंडनला ते बदलले, तर दोनदा फरक द्यावा लागतो. आखाती देशांशी मोठी ये-जा असल्याने दिरहम आणि रियालही सहज मिळतात.

थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया या देशांचं गणित उलटं असू शकतं. इथे बाट किंवा डाँगच्या दरात अंतर मोठं असतं. तिथल्या शहरांतल्या मनी चेंजरकडे मात्र डॉलरला चांगला भाव मिळतो. समजा, इथे एक बाट २.९५ रुपयांना मिळतोय. डॉलर ९१ रुपयांना मिळतोय आणि बँकॉकमध्ये एका डॉलरचे ३२ बाट मिळतात. ९१ भागिले ३२, म्हणजे बाट सुमारे २.८४ रुपयांना पडला. दहा हजार बाटमागे हजारभर रुपये वाचले. स्वतःच्या प्रवासाच्या वेळचे दर टाकून हा भागाकार करून पाहावा. आणि उतरल्या उतरल्या लागणारे थोडे बाट सोबत ठेवावेत, म्हणजे तिथल्या विमानतळावर मोठी रक्कम बदलावी लागत नाही.

नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी भारतात परकीय चलन दिलं जात नाही. भूतानचं नगुल्ट्रम आपल्या रुपयाच्या बरोबरीचं आहे, तर १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये होतात.

रोख किती न्यावी?

नियमानुसार एका परदेशवारीत एका व्यक्तीला ३,००० डॉलर किंवा तेवढ्या मूल्याच्या दुसऱ्या चलनाच्या नोटा घेता येतात. बाकीची रक्कम कार्डवर घ्यावी लागते. इराक आणि लिबियासाठी ही मर्यादा ५,००० डॉलर आहे. इराण, रशिया आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या काही देशांसाठी, तसंच हज-उमराहसाठी वेगळी सवलत आहे. एका आर्थिक वर्षात प्रवास, शिक्षण, गुंतवणूक असं सगळं धरून एका व्यक्तीची एकूण मर्यादा २,५०,००० डॉलर आहे.

पण मर्यादा आहे म्हणून तेवढी रोख न्यावी असं नाही. नोटा हरवल्या की गेल्याच, कार्ड मात्र बंद करता येतं. हॉटेल, मोठी दुकानं, रेल्वेची तिकिटं यासाठी कार्ड आणि टॅक्सी, रस्त्यावरचं खाणं, छोटी दुकानं, टिप यासाठी रोख, अशी विभागणी सोयीची पडते. सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, श्रीलंका, मॉरिशस अशा देशांत काही ठिकाणी यूपीआयही चालतं.

कार्ड वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• नेहमीच्या डेबिट-क्रेडिट कार्डवर परदेशातल्या खरेदीला साधारण २ ते ३.५ टक्के जादा शुल्क लागतं. काही कार्डांवर ते माफ असतं.

• एटीएममधून पैसे काढले की आपली बँक आणि तिथलं एटीएम, दोघंही शुल्क घेऊ शकतात. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दरवेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापले जातात. म्हणून थोडे थोडे काढण्यापेक्षा एकदाच काढावेत. क्रेडिट कार्डाने रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं.

• मशीनने ‘रुपयांत की स्थानिक चलनात?’ असं विचारलं तर स्थानिक चलन निवडावं. रुपये निवडले तर तिथली कंपनी स्वतःचा, सहसा महाग, दर लावते.

कागदपत्रं कोणती? टीसीएस लागतो का?

पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि गरज असेल तिथे व्हिसा. शिवाय ए-२ नावाचा अर्ज भरून द्यावा लागतो. एका प्रवासासाठी घेतलेल्या चलनाचे एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त होत असतील तर पैसे रोखीने देता येत नाहीत. ते चेक, डीडी, कार्ड किंवा बँक खात्यातून द्यावे लागतात.

टीसीएस म्हणजे आगाऊ कापला जाणारा कर. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षातली एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेली तरच तो लागतो. प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर १० लाखांच्या वरच्या भागावर तो २० टक्के आहे आणि प्राप्तिकर विवरणपत्रात त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. टूर पॅकेजचे नियम वेगळे आहेत. फिरायला जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांचा नोटांमुळे टीसीएसशी संबंध येत नाही.

ओळखीच्या माणसाकडून घेतलं तर?

‘माझ्याकडे पडलेत डॉलर, गूगलच्या दराने देतो’ असं सांगणारे भेटतात. पण फेमा कायद्यानुसार परवाना नसलेल्या व्यक्तीशी परकीय चलनाची खरेदी-विक्री करता येत नाही. उल्लंघन सिद्ध झालं तर रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. बिल नसेल तर विमानतळावर विचारणा झाल्यावर दाखवायलाही काही नसतं आणि नोट खोटी निघाली तर दाद मागता येत नाही.

घरात जुन्या सहलीतल्या नोटा असतील तर त्याही तपासाव्यात. ब्रिटनच्या २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानांत चालत नाहीत.

नोटा हातात घेताना

नोटा काउंटरवरच मोजाव्यात. फाटलेल्या, शिक्का मारलेल्या, लिहिलेल्या नोटा परत कराव्यात. आग्नेय आशियात अशा किंवा जुन्या छपाईच्या डॉलरला कमी भाव देतात, कधी घेतही नाहीत. डॉलर तिथे बदलायचे असतील तर १०० च्या कोऱ्या नोटा घ्याव्यात, कारण अनेक ठिकाणी मोठ्या नोटेला जास्त दर मिळतो. थेट खर्च करायचे असतील तर सुट्या नोटा मागाव्यात. बिल प्रवासभर जपून ठेवावं.

अमेरिकेत जाताना १०,००० डॉलरपेक्षा जास्त आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोख असेल तर तिथे जाहीर करावी लागते.

परत आल्यावर उरलेल्या नोटांचं काय?

परतल्यापासून १८० दिवसांच्या आत उरलेलं चलन बँकेला किंवा मनी चेंजरला परत विकावं लागतं. २,००० डॉलरपर्यंतच्या नोटा मात्र पुढच्या प्रवासासाठी जवळ ठेवता येतात. नाण्यांना मर्यादा नाही, पण ती सहसा कुणी परत घेत नाही, म्हणून तिथेच खर्चून टाकावीत. भारतात येताना ५,००० डॉलरपेक्षा जास्त नोटा जवळ असतील तर कस्टम्सकडे जाहीर करणं बंधनकारक आहे.

परत विकताना दर कमी मिळतो, हे विसरू नये. ९१ ला घेतलेला डॉलर ८८ ला गेला, तर उरलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागे ३०० रुपये जातात. गरजेपेक्षा जास्त रोख घेणं हाही खर्चच आहे.

पैसे देण्याआधी विचारायचे चार प्रश्न

१. दर, कमिशन, जीएसटी आणि घरपोच शुल्क धरून एकूण किती रुपये?

२. हा दर किती वाजेपर्यंत पक्का?

३. उरलेलं चलन परत दिलं तर कोणत्या दराने घेणार?

४. पक्कं बिल आणि हव्या त्या किमतीच्या नोटा मिळतील ना?

निघायच्या आठवडाभर आधी हेच प्रश्न तीन ठिकाणी विचारले, तर कोण स्वस्त आणि कोणाची फक्त पाटी स्वस्त, हे पंधरा मिनिटांत समोर येतं.