रुमालातले रणांगण

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेचा जो सर्वनाश झाला, त्याची स्मृती महाराष्ट्राने म्हणींत आणि पोवाड्यांत जपली. परंतु त्या मोहिमेचे अस्सल कागद मात्र जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर, रुमालांत बांधलेले, कसरीच्या व वाळवीच्या स्वाधीन होऊन सव्वाशे वर्षांहून अधिक काळ पडून राहिले. अशा कागदांचा शोध घेत, स्वतःच्या हाताने अन्न शिजवून गावोगाव हिंडणाऱ्या इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि १८२६ सालच्या ग्रँट डफच्या इंग्रजी इतिहासग्रंथावर विसंबलेल्या मराठी वाचकाला आपल्या पूर्वजांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत ऐकू आले.

हे काम केवळ नकलून काढण्याचे नव्हते. मोडी पत्राचा बंद उलगडला की आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली बोरू न उचलता लिहीत गेलेली अक्षरे दिसतात. कालनिर्देश म्हणून बहुधा ‘छ’ या अक्षरापुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, तेवढा असतो, सालाचा पत्ता नसतो. मग छावणी कोठे पडली आहे, कोणत्या नदीला पूर आहे, कोणता सरदार हयात आहे, हे मजकुरातूनच ताडून साल ठरवावे लागते. आणि त्यात एका वर्षाची चूक झाली, तर अवघी फौज भलत्याच मुलखात जाऊन उभी राहते.

राजवाड्यांच्या त्या पहिल्या खंडात शौर्याची वर्णने शोधणाऱ्याच्या हाती मोहिमेचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांनी उत्तरेतील मामलेदार गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे येतात, आणि त्यांत ऐवज पाठवा, नावा जमवा, शत्रूची रसद तोडा, असे तगादे असतात. लढाईचा निकाल तलवारीइतकाच दाणागोटा आणि वसूल यांवर अवलंबून असतो, ही युद्धशास्त्राची पहिली शिकवण या रुक्ष कागदांतून जितकी मनावर ठसते, तितकी कोणत्याही वीररसपूर्ण बखरीतून ठसत नाही. पराभवाच्या दोषाविषयी राजवाड्यांनी दिलेले निर्णय उत्तरकालीन अभ्यासकांना सर्वस्वी मान्य झाले नाहीत. तरी १९४६ साली पानिपतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या त्र्यंबक शंकर शेजवलकरांनाही या पत्रांवाचून पाऊल टाकता आले नसते. मते जुनी होतात. वाचविलेला कागद जुना होत नाही.

राजवाड्यांनी ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, साधनांचे २२ खंड सिद्ध केले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास देह ठेवला. वाचकहो, आपल्या घरी एखादा जुना रुमाल असेल, तर तो रद्दीत जाण्यापूर्वी जाणत्या माणसाच्या हाती द्या.