निद्रेचे मूळ आणि आबे फारिया

पॅरिसमध्ये १८१३ साली एका गोमंतकीय धर्मगुरूने कृत्रिम निद्रेचे जाहीर प्रयोग आरंभिले. बारदेशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले आबे फारिया ते हेच. प्रयोगकर्त्याच्या देहातील अदृश्य चुंबकीय प्रवाहाने माणूस निद्रिस्त होतो, असे मेस्मरचे अनुयायी मानीत. फारियांनी ते साफ नाकारले. ही निद्रा निजणाऱ्याच्याच एकाग्र मनातून उपजते, असे त्यांनी प्रतिपादिले. त्याला स्वस्थ बसवून ते केवळ ‘झोपा’ अशी आज्ञा करीत. रंगभूमीवर त्यांची टवाळी झाली. १८१९ साली ते उपेक्षेतच निवर्तले. पुढे नान्सीच्या बर्नहाइम यांनी सूचनेचे हेच तत्त्व उचलून धरले. पणजीच्या पुतळ्यात फारियांचे हात निद्रिस्त स्त्रीवर पसरलेले दिसतात. परंतु सामर्थ्य हातांत नसते, हीच तर त्यांची शिकवण होती.