कपाटाची किल्ली कोणाकडे?

महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलाला अभ्यासासाठीं काय लागतें असें विचारलें, तर आपण बहुधा फी, वसतिगृह आणि चांगले प्राध्यापक हीं तीन नांवें घेतों. पुस्तकांचें नांव चौथें येतें, आणि तें घेतांनाहि आपल्या मनांत असतीं तीं विकत घेतलेलीं क्रमिक पुस्तकें. ग्रंथालय या यादींत सहसा नसतें. हें असें कां झालें, याचा थोडासा इतिहास आज सांगावयाचा आहे. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. सारा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेला. परंतु माझ्या हाताखालून कॉलेजांत गेलेलीं मुलें सुटींत भेटावयास येत, आणि त्यांच्या तोंडून जें ऐकूं येई त्यामुळें हा विषय मनांत घर करून बसला. पुस्तकाची प्रत एक, तिच्यावर डोळा ठेवणारीं मुलें चाळीस, आणि ती प्रत कांचेच्या कपाटांत कुलूप लावून ठेवलेली, ही हकीकत मीं निरनिराळ्या गांवच्या मुलांकडून ऐकली आहे.

ग्रंथ जपून ठेवावयाचा कीं वाचावयास द्यावयाचा, हा तंटा फार जुना आहे. मध्ययुगीन युरोपांत हस्तलिखितें इतकीं महाग असत कीं तीं लोखंडी साखळीनें फळीला अडकवून ठेवीत. इंग्लंडांतील हेरफर्ड येथील असे साखळदंडांतले ग्रंथ आजहि पाहावयास मिळतात. ऑक्सफर्डचें बॉडलियन ग्रंथालय १६०२ सालीं उघडलें. पुस्तक बाहेर न्यावयाचें नाहीं हा तेथला कडक नियम. १६४५ मध्यें, यादवी युद्धाच्या धामधुमींत, खुद्द राजा पहिला चार्ल्स यानें एक पुस्तक मागविलें, तेव्हां ग्रंथपालानें नियमाकडे बोट दाखवून तें नाकारलें, आणि राजानेंहि तें मुकाट्यानें मानलें. गोष्ट मौजेची आहे, पण तिच्यांतलें मर्म निराळेंच आहे. पुस्तक बाहेर जात नसे, तरी तें आंत बसून वाचण्याची सोय तेथें होती. आमच्याकडे या नियमाचा पहिला भाग तेवढा पोंचला. दुसरा वाटेंत कोठें तरी गळाला.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. १८०४ सालीं येथें इंग्रजांनीं एक विद्वत्सभा काढली. तीच पुढें एशियाटिक सोसायटी या नांवानें प्रसिद्ध झाली. १८३३ मध्यें बांधून पुरा झालेल्या टाउन हॉलांत तिचा ग्रंथसंग्रह गेला. परंतु त्या पायऱ्या चढून आंत जाण्याचा अधिकार सभासदांचा, आणि सभासद सारे युरोपियन. माणकजी खरसेटजी या पारशी गृहस्थांना प्रथम नकार मिळाला व १८४० मध्यें कोठें प्रवेश मिळाला. अशा ठिकाणीं एल्फिन्स्टन कॉलेजांतला एखादा गरीब विद्यार्थी जाऊन बसेल, ही कल्पनाहि त्या काळीं कोणाला शिवली नसेल.

१८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें तें परीक्षा घेणारें मंडळ म्हणून. शिकवावयाचें कॉलेजांनीं, आणि प्रश्नपत्रिका काढावयाच्या विद्यापीठानें, अशी ही वाटणी होती. अशा संस्थेला ग्रंथालयाची गरज काय, असें कोणीहि विचारलें असतें. तथापि १८६४ मध्यें, कापसाच्या तेजीनें मुंबईंत पैशाचा पूर आलेला असतां, प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्यानें ग्रंथालयासाठीं दोन लाख रुपये दिले, आणि थोड्याच दिवसांनीं मनोऱ्यासाठीं आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचें नांव द्यावयाचें ठरलें. पुढल्याच वर्षीं अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापूस कोसळला, आणि प्रेमचंद स्वतः बुडाले. परंतु दिलेली देणगी टिकली. इंग्लंडांत बसून आराखडे काढणारा वास्तुशास्त्रज्ञ जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हिंदुस्थानांत कधीं आलाहि नाहीं. १८७८ मध्यें सुमारें दोनशें ऐंशीं फूट उंचीचा तो मनोरा पुरा झाला. त्या इमारतीला मीं अनेकदां मनोमन नमस्कार केला आहे. तरीहि मला असें वाटतें कीं घर आधीं झालें आणि वाचक फार मागाहून आला. १९०४ च्या युनिव्हर्सिटी कायद्यानें विद्यापीठांना स्वतः शिकविण्याची व ग्रंथालयें चालविण्याची मुभा दिली, आणि कॉलेजाला मान्यता देतांना ग्रंथालयाची तरतूद पाहावी असें कलम घातलें. कलम झालें, कपाटेंहि आलीं. किल्ली मात्र बहुतेक ठिकाणीं कारकुनाच्या कमरेलाच राहिली.

किल्लीवांचून अडलेला विद्यार्थी काय करी, याचें एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. पण या दृष्टीनें तें क्वचितच सांगितलें जातें. परळच्या चाळींत एका खोलींत सारें कुटुंब राहत असल्यामुळें भीमराव आंबेडकर हा विद्यार्थी शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसे. तेथें कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांची नजर त्याच्यावर पडली. त्यांनीं चौकशी केली आणि स्वतःच्या संग्रहांतून पुस्तकें देण्यास आरंभ केला. पुढें सयाजीराव गायकवाडांच्या साहाय्यानें तो मुलगा १९१३ मध्यें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेला, आणि नंतर लंडनला. तेथें ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयांत तो दार उघडतांना आंत शिरे आणि दार बंद होतांना बाहेर पडे. एका बाकापासून त्या वाचनालयापर्यंतचें हें अंतर बुद्धीनें तर कापलेंच, परंतु ज्यानें प्रथम पुस्तक हातीं दिलें त्या शिक्षकाचा वांटाहि त्यांत मोजला पाहिजे. १९४६ मध्यें याच डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनें मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें. आणि दादरचें त्यांचें राजगृह तर ग्रंथांसाठींच बांधलेलें घर!

सयाजीराव महाराजांचें नांव आलें म्हणून बडोद्याकडे वळतों. अमेरिकेंतील मोफत ग्रंथालयें पाहून त्यांनीं १९१० सालीं विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला नोकरीस आणलें. बॉर्डन १९१३ पर्यंत होते; तेवढ्या अवधींत मध्यवर्ती ग्रंथालय उभें राहिलें, ग्रंथपालांसाठीं वर्ग निघाला आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडीं जाऊं लागल्या. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयांविषयीं एक त्रैमासिकहि तेथून निघत असे. जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांचा त्यांत मोठा हात होता. हें सारें सामान्य वाचकासाठीं होतें, हें खरें. पण जेथें खेड्यांतला शेतकरी पेटी उघडून पुस्तक घेतो, तेथें कॉलेजांतल्या मुलाला कुलूप दाखविणें शोभत नाहीं.

खुद्द विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यासाठीं हा विचार मुळापासून केला तो मद्रासकडील एका गणिताच्या शिक्षकानें. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत ते गणित शिकवीत. १९२४ च्या जानेवारींत ते विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि आठवड्याभरांतच कंटाळले! दिवसभर ग्रंथालयांत कोणी फिरकत नसे. समोर मुलें नाहींत, फळा नाहीं. त्यांनीं कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन आपली जुनी जागा परत मागितली. असें ठरलें कीं आधीं इंग्लंडला शिकावयास जावें, आणि परत आल्यावरहि कंटाळा राहिला तर वर्गावर यावें. मला स्वतःला या प्रसंगाचें फार महत्त्व वाटतें. रिकामें ग्रंथालय पाहून ज्याला करमत नाहीं, तोच तें भरण्याची खटपट करतो.

लंडनमध्यें ते बर्विक सेयर्स यांच्या हाताखालीं शिकले आणि शंभराहून अधिक ग्रंथालयें फिरले. मजुरांच्या वस्तींतहि दिवे लागल्यावर लोक वाचीत बसलेले त्यांनीं पाहिले. एका दुकानांत त्यांना लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू जोडून निरनिराळीं यंत्रें करण्याचें मुलांचें खेळणें दिसलें. तेवढ्याच तुकड्यांतून हवी ती रचना होते, तसेंच विषयांचेंहि करतां येईल, हा विचार त्यांना तेथें सुचला. त्यांतून १९३३ सालीं त्यांची द्विबिंदु वर्गीकरण पद्धति प्रसिद्ध झाली. तिचें शास्त्र मला समजावून सांगतां येणार नाहीं. पण तिचा हेतु कळतो. विद्यार्थी एका पुस्तकासाठीं फळीपाशीं गेला कीं त्याच्या डाव्या-उजव्या बाजूस त्याच विषयाचीं, त्याला ठाऊक नसलेलीं पुस्तकें उभीं असावींत. अर्थात् फळीपाशीं जाऊं दिलें तर!

आणि तें त्यांनीं दिलें. १९२५ मध्यें परतल्यावर त्यांनीं ग्रंथालयाच्या वेळा वाढविल्या, सुटीच्या दिवशींहि दार उघडें ठेवलें, आणि वाचकाला स्वतः फळ्यांमधून फिरण्याची मुभा दिली. विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून त्याला नेमकें पान काढून देणारीं माणसें हवींत, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठीं १९२९ मध्यें ग्रंथपालांचें शिक्षण सुरू झालें. १९३१ मध्यें त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम पुस्तकरूपानें मांडले. पुस्तक वापरासाठीं असतें. प्रत्येकाला त्याचें पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वांचला पाहिजे. आणि ग्रंथालय वाढत राहिलें पाहिजे, असा त्यांचा सारांश. ऐकतांना वाटतें, यांत नवें तें काय? परंतु आपल्या ओळखीच्या कोणत्याहि कॉलेजला हे पांच प्रश्न विचारून पाहा. पहिल्याच प्रश्नाला उत्तर येईल: "पुस्तकें हरवलीं तर भरपाई कोण देणार?" ही भीति खोटी नाहीं. ज्या नोकराच्या पगारांतून हरवलेल्या प्रतीची किंमत कापली जाते, त्यानें कुलूप कां काढावें? दोष त्याचा नसून तसा हिशेब ठेवणाऱ्यांचा आहे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यांत सांगतों. डॉ. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील १९४८-४९ च्या आयोगानें ग्रंथालयाला विद्यापीठाच्या कार्याचें हृदय मानलें. १९४८ मध्येंच मद्रास प्रांताचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आमच्या महाराष्ट्राचा १९६७ सालीं. त्याच्याहि आधीं, १९४५ मध्यें, कोल्हापूर संस्थानानें असा कायदा केला होता, हें आपल्याकडील लोकांना अभिमानानें सांगण्याजोगें आहे. गरीब मुलांना वर्षभर क्रमिक पुस्तकें वापरावयास देणाऱ्या पुस्तकपेढ्या निघाल्या. त्यांनीं किती घरांचा भार हलका केला हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. रंगनाथन १९७२ मध्यें वारले. १२ ऑगस्टला त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. त्या दिवशीं कपाटें उघडीं असतात.

हल्लीं पुस्तक संगणकावर आणि हातांतल्या फोनवर आलें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें १९९१ मध्यें सुरू केलेल्या इन्फ्लिबनेट प्रकल्पानें विद्यापीठांचीं ग्रंथालयें एकमेकांस जोडण्याचें काम केलें. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारनें ‘एक देश, एक वर्गणी’ ही योजना सुरू केली आहे. तीन वर्षांसाठीं सहा हजार कोटी रुपये मंजूर झाले असून सुमारें तेरा हजार नियतकालिकें सरकारी शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांना वाचावयास मिळावयाचीं आहेत. प्रेमचंदांच्या चार लाखांशीं याची तुलना करण्याचा मोह होतो. पण किल्लीची गोष्ट येथेंहि सुटत नाहीं. माझी एक जुनी विद्यार्थिनी तालुक्याच्या गांवीं पदवीच्या वर्गांत शिकते. परवां भेटली तेव्हां मीं तिला या योजनेविषयीं विचारलें. परवलीचा शब्द मिळतो असें तिनें ऐकलें होतें. तो कोण देतो हें तिला कोणी सांगितलें नव्हतें. ग्रंथालय साडेपांचला बंद होतें, आणि तिच्या गांवची एस. टी. सव्वासहाला सुटते. मधली पाऊण तास ती स्थानकाच्या बाकावर वाचीत बसते. पुढल्या सोमवारीं ती ग्रंथपालांकडे अर्ज घेऊन जाणार आहे. अर्जाचा मसुदा आम्हीं दोघांनीं मिळून केला. त्यांत दोनच मागण्या आहेत: परवलीचा शब्द, आणि सव्वासहापर्यंत दार.