६४० केबी ते रिफ्टनची वेस

"यंदा काहीतरी इतिहासावर द्या," असे संपादकांनी सांगितले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा पानिपत असावे. माझा पेशा आयटी सल्लागाराचा. मला ठाऊक असलेला इतिहास संगणकातल्या जागेच्या टंचाईचा आहे. तो आठवायला निमित्त झाले आमचे चिरंजीव.

गेल्या हिवाळ्यात त्याने (वय वर्षे १७) तळघरातला माझा जुना संगणक वर काढला. त्यावर मी २०११ साली हौसेने घेतलेला 'स्कायरिम' हा गेम होता. पठ्ठ्याने त्यात शंभरावर मॉड बसवले. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेममध्ये घातलेली भर: नवी झाडे, नवे चेहरे, दगडाधोंड्यांची जास्त बारीक चित्रे. दीडशे तास खेळून झाल्यावर गेम रिफ्टन नावाच्या गावाच्या वेशीवर कोसळू लागला. दर वेळी तिथेच.

"बाबा, मेमरी संपतेय."

"अरे, आठ जीबी आहे की!"

टास्क मॅनेजर उघडला तर निम्मी मेमरी मोकळी. जागा मोकळी आहे आणि तरी जागा नाही, हा चमत्कार मी पूर्वी पाहिलेला होता. सांगलीत, १९९३ साली, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये.

त्याची मुळे आणखी मागे जातात. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला. त्यातल्या इंटेल ८०८८ या प्रोसेसरला पत्ता सांगायला २० तारा होत्या. तेवढ्यात १०,४८,५७६ पत्ते बसतात, म्हणजे १ एमबी. त्यातले वरचे ३८४ केबी पडद्यावरचे चित्र आणि बायोस यांच्यासाठी राखून ठेवले. प्रोग्रॅमला उरले ६४०. त्या वेळी सगळ्यात स्वस्त मॉडेल १६ केबीचे होते, तेव्हा ६४० म्हणजे सात पिढ्यांची सोय वाटली असणार. (६४० केबी कुणालाही पुरेत, हे वाक्य बिल गेट्सच्या नावावर खपवतात. आपण तसे म्हटलेले नाही असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे.)

दोन-चार वर्षांतच लोटस १-२-३ च्या हिशेबाच्या तक्त्यांना ती जागा अपुरी पडू लागली. मेमरीच्या चिपा जास्त बसवता येत होत्या, पण त्यांना द्यायला पत्तेच नव्हते. वाड्याला मागे दहा खोल्या वाढवाव्यात आणि त्यांना दारच नसावे, तशी गत. १९८५ मध्ये लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून एक युक्ती काढली. राखीव ३८४ केबीमध्ये ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि मागच्या खोल्यांतले जे सामान हवे ते तेवढ्या वेळेपुरते खिडकीत आणून दाखवायचे. प्रोग्रॅम बघणार खिडकीतच; सामान मात्र बाहेर, दुसरीकडे. ही खिडकी लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा येणार आहे.

आमच्या क्लासमधल्या ३८६ मशीनवर ४ एमबी मेमरी आणि डॉस ५ होते. गेमला मात्र त्या ६४० मधलेच सहाशेच्या आसपास मोकळे हवे असायचे आणि माउसचा ड्रायव्हर तिथेच ठाण मांडून बसलेला. मग सर चहाला गेले की आम्ही कॉन्फिग.सिस उघडायचो. हायमेम सर्वांत आधी, मग ईएमएम३८६, मग 'डॉस=हाय,यूएमबी', म्हणजे डॉस आपले बिऱ्हाड वर हलवणार. मग 'मेम' चालवून आकडा बघायचा. ५९८ वरून ६११ झाले की दिवाळी! एकदा माझ्या अशाच उद्योगाने मशीन सुरूच होईना. महिनाभर मला कीबोर्डला हात लावू दिला नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला. त्याने डॉस/४जीडब्ल्यू नावाचा विस्तारक बरोबर आणला आणि ६४० ची भिंत सरळ ओलांडली. पुढे ३२ बिटांचे विंडोज आले, पत्ते ४ जीबीपर्यंत गेले आणि आम्ही तो विषय विसरून गेलो.

पण भिंत फक्त पुढे सरकली होती. विंडोज त्या ४ जीबीतले निम्मे पत्ते स्वतःकडे ठेवी. गेमला मिळत २ जीबी. स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला तो याच मर्यादेत. प्रोग्रॅमच्या फाइलमधला एक बिट बदलला की ६४ बिटांच्या विंडोजवर पूर्ण ४ जीबी मिळतात. खेळणाऱ्यांनी तो आपल्या हाताने बदलला; बेथेस्डा कंपनीने डिसेंबर २०११ मध्ये अधिकृत सोय दिली. तेही पुरले नाही. चित्राची बाजू दुप्पट केली की जागा चौपट लागते: २०४८ चे चित्र दाबून ४ एमबी, ४०९६ चे १६ एमबी. शिवाय डायरेक्टएक्स ९ च्या पद्धतीत ग्राफिक्स कार्डावर गेलेल्या चित्राची एक प्रत गेमच्या स्वतःच्या जागेतही राहते. कार्ड जितके भरावे तितके घरही भरणार.

इथे बोरिस व्होरोन्त्सोव्ह या रशियन प्रोग्रॅमरने २०१३ च्या सुमारास आपल्या ईएनबीमध्ये जी सोय केली ती पाहून मला सांगलीचा क्लास आठवला. त्याने 'ईएनबीहोस्ट' नावाचा वेगळा प्रोग्रॅम शेजारी चालवला आणि चित्रांच्या प्रती तिकडे ठेवल्या. गेमला लागेल तेवढेच आत यायचे. १९८५ ची तीच खिडकी! आणि गेमचा मूळ कोड हाती नसताना.

दुसरे दुखणे शेसन या टोपणनावाच्या गृहस्थाने २०१४ मध्ये शोधले. गेम सुरू होताना स्वतःसाठी २५६ एमबीचा एक कप्पा धरतो. तो भरला की बाकी कितीही मोकळे असो, डाव आटोपला. लोक तोवर मॉड करणाऱ्यांना शिव्या घालत होते. ही दुरुस्ती पुढे एसकेएसई या जोडप्रोग्रॅममध्ये आली. त्याच्या आयएनआय फाइलमध्ये ७६८ लिहायचे. त्यातले ५१२ त्या कप्प्याचे, २५६ दुसऱ्याचे.

हे सगळे चिरंजीवांना ऐकवून मी आत्मविश्वासाने बसलो. 'रिड्यूस सिस्टम मेमरी युसेज' ट्रू केले. 'व्हिडिओ मेमरी साइझ'साठी जुने सूत्र वापरले: मुख्य मेमरी ८१९२, कार्डाची २०४८, बेरजेतून २०४८ वजा. उत्तर ८१९२. मुलगा म्हणाला, "बाबा, हे विंडोज ७ चं आहे. आपलं १० आहे." बोरिसचेच चाचणीचे साधन त्याने चालवले: ४०६४. माझा आकडा दुपटीहून जास्त होता. तो निमूटपणे खोडला.

तरी वेशीवर गेम कोसळलाच. दोन संध्याकाळी गेल्या. दीडशे तासांचा खेळ सोडून नव्याने सुरुवात करावी, असे तो म्हणू लागला. नंतरच्या ६४ बिटांच्या आवृत्तीत ही कटकट नाही हे दोघांनाही माहीत होते, पण हा जतन केलेला खेळ तिथे चालणार नव्हता. तिसऱ्या रात्री मला फाइलचे पूर्ण नाव दाखवायची बुद्धी झाली. मी नोटपॅडमध्ये बनवलेली फाइल 'एसकेएसई.आयएनआय.टीएक्सटी' अशी साठली होती. शेपूट लपलेले; गेमने ती वाचलीच नव्हती. बावीस वर्षे या धंद्यात काढून!

नाव सुधारले. साडेबारा वाजता रिफ्टनचा दरवाजा उघडला आणि तो आत गेला. कप्प्यांची नोंद पाहिली: पहिला ३१२ एमबी भरलेला. चिरंजीव काही बोलले नाहीत. खुर्ची जरा बाजूला सरकवून मला पडदा दिसेल अशी जागा करून दिली.