कंपनी म्हणजे कोण?

गगनबावड्याहून घाट उतरून गेले की कोकण लागते आणि त्या कोकणात राजापूरला सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. 1660 साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा त्या वखारीतले काही इंग्रज हेन्री रेव्हिंग्टनच्या पुढारीपणाखाली तोफगोळे घेऊन वेढ्यात हजर झाले. त्यांनी आपला ध्वज लावला आणि गडावर मारा केला. शिवछत्रपतींनी हे विसरण्याचे कारण नव्हते. पुढच्याच वर्षी राजापुरावर स्वारी झाली, वखार खणली गेली आणि ही मंडळी कैदेत पडली.

इथपर्यंतची हकीकत आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. आम्हांस आज सांगावयाचे आहे ते त्यापुढचे. कैदेत पडलेल्या या इंग्रजांनी सुरतेच्या आपल्या वरिष्ठांकडे सोडवणुकीसाठी तगादा लावला. सुरतेहून उत्तर आले ते मोठे कोरडे होते. तुम्ही कंपनीचा माल राखताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन ध्वजाखाली गोळे फेकल्यामुळे पकडले गेला आहात, असा त्याचा मतलब. म्हणजे कृत्य तुमचे, भोगा तुम्ही! त्यांची सुटका व्हावयास 1663 साल उजाडले. गंमत अशी की, लुटीच्या नुकसानभरपाईचा दावा मात्र कंपनीने सोडला नाही. 1674 साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला, तेव्हाही राजापूरची बाकी त्याच्या यादीत होती. माणसे आमची नव्हेत, माल मात्र आमचा!

कंपनी म्हणजे नेमके कोण, तिच्या नावाने केलेले कृत्य कोणाचे आणि तिचे कर्ज कोणाच्या दारात येते, हे तीन प्रश्न तेव्हापासून आपल्या मुलखात आहेत. बावड्याच्या जहागिरीचे मूळपुरुष रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे सुमारे 1715 च्या सुमारास, टोपीकरांविषयी जो इशारा आहे तो याच जातीचा आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, त्यांच्या पाठीशी राजे आहेत, त्यांना समुद्रकाठी ठाणे देऊ नये, असे पंतांचे म्हणणे. एकटा सावकार मरतो आणि त्याचा व्यवहार मुलांत वाटला जातो. 1600 सालची सनद घेऊन आलेली कंपनी मरत नाही. पंतांनी कायद्याचे पुस्तक वाचले नव्हते, पण माणूस ओळखावा तशी त्यांनी संस्था ओळखली होती.

आपल्याकडे 'कंपनी' हा शब्द घरोघर नेला तो नाटकवाल्यांनी. बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणारी मंडळी म्हणजे कंपनी, एवढाच त्याचा अर्थ लोकांच्या मनात बसला. कायद्याने पाहू जाता यांतल्या बहुतेक मंडळ्या म्हणजे भागीदाऱ्या होत्या. गंधर्व नाटक मंडळी 1913 साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी काढली. पुढे सोबती वेगळे झाले आणि 1921 साली बालगंधर्व एकटेच मालक उरले. मंडळी तेव्हा कर्जात होती. ते कर्ज त्यांनी आपल्या शिरावर घेतले आणि पुढली कित्येक वर्षे गाऊन फेडले. त्यांच्या सचोटीचे कौतुक आम्हीही करतो, परंतु त्या कर्जाला कसलीच मर्यादा नव्हती, हेही ध्यानात घ्यावे.

कोल्हापूरचेच दुसरे उदाहरण 'प्रभात'चे. 1 जून 1929 रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी ती काढली. नावात कंपनी असली तरी ती भागीदारीच होती. संस्थानी कोल्हापुरात ब्रिटिश हद्दीतले कायदे आपोआप लागू नसत. 1932 चा भागीदारीचा कायदा झाला आणि 1933 साली प्रभात पुण्यास गेली, तेव्हा ती त्या कायद्याच्या अमलाखाली आली. त्या कायद्याचे मर्म थोडक्यात असे की, पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार सर्वांबरोबरही जबाबदार आणि एकटाही जबाबदार. एक भागीदार मेला तर, उलट करार नसल्यास, पेढीही मोडते. पेढी नोंदलेली नसेल, तर करारावरून तिला येणे वसूल करण्याचा दावाही लावता येत नाही. बाहेर पडणाऱ्याने जाहीर नोटीस दिली नाही, तर मागे राहिलेल्यांच्या व्यवहाराचे ओझे त्याच्याही मानेवर येऊ शकते. प्रभातमधून प्रथम धायबर गेले, 1942 साली शांताराम गेले, 1945 साली दामले वारले, आणि 1953 साली कारभार बंद पडला. कलेची बाजू सर्वांना ठाऊक आहे. पण जिची पाच माणसे हीच सारी पुंजी, ती पेढी एकेक माणूस जाताच कशी खचते, हेही त्या इतिहासात आहे.

मर्यादित जबाबदारीची सोय तेव्हा नव्हती असे नव्हे. हिंदुस्थानात कंपन्यांचा पहिला कायदा 1850 चा. मर्यादित जबाबदारी आली 1857 साली, आणि बँकांना ती 1860 साली मिळाली. पाठोपाठ मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा जो ज्वर चढला, तो 1865 साली उतरला तेव्हा मोठमोठी घरे बुडाली. म्हणून 1866 साली नवा कायदा झाला. 1913 च्या कायद्याने लहान मंडळींसाठी खाजगी कंपनी आणली : दोन सभासदांपासून पन्नासांपर्यंत. किर्लोस्कर बंधूंनी तर त्याआधीचा रस्ता चालून, 1888 साली बेळगावात सुरू केलेला धंदा 1920 साली कंपनीत घातला होता. 1956 चा कायदा आणि सध्याचा 2013 चा कायदा ही त्याच झाडाची पुढली वाढ. आज पन्नासांची मर्यादा दोनशेवर गेली आहे आणि एकट्या माणसालाही कंपनी काढता येते.

कंपनी वेगळी आणि तिचा मालक वेगळा, हे तत्त्व लंडनच्या एका चांभाराने पक्के करून घेतले. ॲरन सॉलोमनने 1892 साली आपला बुटांचा धंदा एका कंपनीला विकला. सभासद सात : तो स्वतः, बायको आणि पाच मुले. एकूण 20,007 शेअरांपैकी 20,001 त्याचेच. धंदा वर्षभरात बुडाला. धनको म्हणाले, ही कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हा त्याने भरावे. 1896 साली लॉर्ड्स सभेने निकाल दिला की, कंपनी ही कायद्याने निराळी व्यक्ती आहे. हा न्याय की चलाखी, असा प्रश्न पडतो खरा. आम्हांस वाटते, धनकोला कोणाशी व्यवहार करीत आहोत हे आधी कळत असेल तर न्यायच.

आता बावड्याचे पाहू. चार मित्रांनी जांभूळ-करवंदांचा रस काढण्याचा धंदा सुरू केला, तर कागद न करताच ते कायद्याने भागीदार ठरतात. पाऊस लांबला, माल नासला, की सावकार ज्याच्या नावावर घर आहे त्याच्या दारी प्रथम जातो. 2003 सालापासून शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येते. दहा उत्पादक पुरेत, आणि मतदान सामान्यतः शेअरांवर नव्हे, डोईवर चालते. सहकारी संस्थेची ज्यांना सवय आहे त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. मात्र सभा, इतिवृत्त, हिशेबतपासणी आणि दरसालचे नोंदणीपत्रक चुकले, तर दंड कंपनीबरोबर संचालकांनाही होतो.

शिवाय एक फट राहतेच. कर्ज देताना बँक बहुधा संचालकांचा वैयक्तिक जामीन मागते. तो दिला की मर्यादा त्या कर्जापुरती संपली. कंपनीच्या देण्याची तडजोड झाली तरी तेवढ्याने जामीनदार आपोआप सुटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली स्पष्ट केले.

आणि सही. 1881 चा हुंडीचेकांचा कायदा अजून चालू आहे. त्यात म्हटल्याप्रमाणे, दुसऱ्याच्या वतीने सही करीत आहोत हे कागदावर न दाखवता जो सही करतो, तो स्वतःच देणेदार होतो. रेव्हिंग्टनने ध्वज तरी लावला होता. सुरतेने तोही मानला नाही, कारण ते काम त्याला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून संचालकाने चेकवर सही करताना कंपनीचा शिक्का आणि आपला हुद्दा लिहावा, आणि त्या कामाचा ठराव वहीत आहे की नाही, हे आधी पाहावे.